गायरानातलं गाजरगवत आणि टाकळा: जुलैच्या उघडिपीत टू-फोर-डी फवारताना

पहिला पाऊस पडून तीन आठवडे झाले की माळ लांबून हिरवागार दिसतो आणि माणूस खूश होतो. गुरांना मात्र लांबून चरता येत नाही. कुरणात शिरा, उकिडवे बसा आणि पायाशी काय उगवलंय ते बघा. आमच्या पाथर्डीकडच्या माळावर परवा मी असा बसलो, तर दोन वितीच्या जागेत गाजरगवताची अकरा रोपं, टाकळ्याची चार आणि मधे दबून गेलेलं मारवेलचं, म्हणजे चाऱ्याच्या चांगल्या गवताचं, एक ठोंब. हिरवं होतं ते सगळं असलं.

गाजरगवत या वयात ओळखायला सोपं असतं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. अजून दांडा वर आलेला नसतो. फवारणीची वेळ हीच. दांडा निघाला, पांढरी फुलं डोकावली की औषध घालूनही झाड मरता मरता बी टाकून जातं, आणि एका जोमदार झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज धरतात. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. भाषणं होतात, फोटो निघतात, पण आपल्याकडे तोवर निम्मा माळ फुललेला असतो. कुरणवाल्यानं आपला सप्ताह जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकलेला बरा. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही पुण्यात, 1955 च्या सुमारास. म्हणजे सत्तर वर्षं ते आपल्या उशाला आहे.

आधी ठरवा, फवारायचं का

माझं मत स्पष्ट आहे. कुरणात निम्म्याच्या वर गवत असेल तरच सरसकट फवारणीला पैसे घाला. तणनाशक तण मारतं, गवत लावत नाही. गाजरगवत मेलं आणि खाली मारवेल, पवन्या, डोंगरी असलं काही नसेल, तर मोकळी झालेली जागा महिनाभरात तरोटा, म्हणजे टाकळाच, नाहीतर रानतुळस धरते. काही गावांनी गाजरगवताला दाबायला म्हणून तरोट्याचं बी मुद्दाम फेकलं. रस्त्याकडेला ते ठीक आहे, पण कुरणात गुरांनी न खाण्याजोगं एक तण काढून दुसरं पेरण्यात काय मिळवलं?

गवत चार आण्यापेक्षा कमी असेल तर तेवढा तुकडा नांगरून मारवेलचे ठोंब लावावेत, हेच बरं. तण तुरळक, ठिकठिकाणी असेल तर नुसती ठिपक्या-ठिपक्यांनी फवारणी करा किंवा ओल असताना मुळासकट उपटा. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते आणि एकदा सुटली की दर वर्षी सुटते.

आणखी एक बघा. पानांना चाळणीसारखी भोकं पडली असतील आणि पिवळट पांढऱ्या पाठीवर नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसत असतील, तर ते मेक्सिकन भुंगे आहेत. 1980 च्या दशकात ते खास गाजरगवतासाठीच भारतात आणले. तो पट्टा तसाच सोडा. फुकटचे गडी आहेत ते.

औषध कोणतं आणि किती

कुरणासाठी कामाचं औषध म्हणजे टू-फोर-डी (2,4-D) हे तणनाशक. रुंद पानाची तणं ते मारतं आणि गवताला सहसा काही करत नाही. गवत वाचतं म्हणून द्विदल चारा वाचेल असं मात्र समजू नका. स्टायलो, दशरथ, लसूणघास, शेवरी, सुबाभळीची रोपं ही सगळी रुंद पानाचीच. कुरणात स्टायलो मुद्दाम पेरला असेल तर हे औषध तिथे नेऊच नका. यंदाच पेरलेल्या कोवळ्या गवतावरही नको, त्याला आधी चांगले फुटवे येऊ द्या.

ग्लायफोसेट कुरणात मारणाऱ्याला मी काय सांगू? ते गवतही जाळतं, आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच ठेवायचा आदेश काढला.

टू-फोर-डी दुकानात तीन रूपांत मिळतं आणि गोंधळ इथेच होतो. सोडियम क्षाराची 80 टक्क्यांची पावडर, अमाईन क्षाराचं 58 टक्क्यांचं द्रावण आणि एस्टर. एस्टर घेऊच नका. त्याची वाफ होते आणि ती उन्हाच्या वेळी शेजारच्या शिवारात जाते. राहिली पावडर आणि अमाईन. कोवळ्या तणाला हेक्टरी एक किलो मूळ घटक हा साधारण हिशोब धरला, तर एकरी पावडर 500 ग्रॅम लागते आणि अमाईन सुमारे 690 मिली. पाणी एकरी 200 लिटर. म्हणजे लिटरला पावडर अडीच ग्रॅम किंवा अमाईन साडेतीन मिली. लेबलवर कुरणाचा किंवा बिनपिकाच्या जागेचा उल्लेख आहे का ते घेतानाच वाचा. मात्रा वेगळी दिली असेल तर लेबल मानायचं, मला नाही.

आता हा हिशोब पाठीवरच्या पंपात कसा बसवायचा? एकराला 200 लिटर म्हणजे गुंठ्याला पाच लिटर. म्हणजे 15 लिटरचा पंप तीन गुंठ्यांत संपला पाहिजे. 33 फूट बाय 33 फुटांचे तीन चौकोन दोरीनं आखा, पंपात नुसतं पाणी भरा आणि रोजच्या चालीनं मारून बघा. दोन गुंठ्यांतच संपलं तर चाल मंद आहे किंवा नोझल झिजलाय. चार गुंठे झाले तर तुम्ही पळताय. चाल जमेपर्यंत औषधाचं झाकण उघडू नका. मी बघितलेल्या दहांतल्या सात फसलेल्या फवारण्या औषध खोटं म्हणून नव्हे, चाल चुकली म्हणून फसल्या होत्या. नोझल पसरट पंख्याचा घ्या. कीटकनाशकाचा गोल फवारा देणारा इथे चालत नाही, त्याचे थेंब बारीक पडून उडतात.

पावडर थेट पंपात ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात घोळून, फडक्यातून गाळून मगच टाका, नाहीतर नोझल तुंबतो आणि तो तोंडानं फुंकायचा मोह होतो. विहिरीचं पाणी क्षारपड असेल तर औषधाचा जोर कमी होतो. जुलैत पत्र्याखाली पिंप लावलं की दोनशे लिटर पावसाचं पाणी एका रात्रीत जमतं, तेच वापरा. वर चांगलं स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण, टाका.

फवारल्यावर निदान सहा-आठ तास पाऊस नको. जुलैत ही उघडीप हेरावी लागते. पानं ओली नसावीत, जमिनीत मात्र ओल हवी. ताण बसलेलं, मरगळलेलं तण औषध ओढून घेत नाही.

वारा आणि कपाशी

या सल्ल्यातला हा भाग दोनदा वाचा.

जून-जुलैत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि दहा वाजल्यानंतर माळावर उभं राहू देत नाही. म्हणजे तुमच्या कुरणाच्या पूर्वेला आणि ईशान्येला काय उभं आहे, हे फवारणीच्या आदल्या दिवशी जाऊन बघायचं. तिकडे कपाशी असेल तर बांधालगत फवारायचंच नाही, तो पट्टा खुरप्यानं काढायचा. कपाशीला टू-फोर-डीचा नुसता वास पुरतो असं म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. द्राक्ष, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांचंही तेच. नाशिक-सांगलीकडे बागेच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या पडीत हे औषध मारण्याआधी शेजाऱ्याला विचारा. सकाळी सहा ते नऊ, गवताचं पातं जेमतेम हलत असताना, नोझल गुडघ्याच्या खाली धरून काम उरका.

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कुरण फवारून झाल्यावर पंप तीनदा पाण्यानं विसळला आणि दहा दिवसांनी त्याच पंपानं कपाशीवर मावा-तुडतुड्यांचं औषध मारलं. आठवड्यात शेंड्याची पानं अरुंद, लांबुळकी, बोटांसारखी झाली, अगदी भेंडीच्या पानासारखी. शिरा एकमेकींजवळ आलेल्या. मी विषाणू म्हणून दुकानदाराकडे धावलो, त्यानं आणखी दोन बाटल्या दिल्या. शेवटी एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं पान उलटंसुलटं करून विचारलं, “दादा, पंप कोणता वापरला?” चौदा गुंठ्यांची पहिली पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळाली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्यावर लाल रंगानं फुली मारली आहे आणि तो गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला टांगतो. वेगळा पंप घेणं शक्य नसेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी पंपात भरून रात्रभर ठेवा, नळी आणि नोझलमधून ते काढा, मग स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा. तरीही तो पंप कपाशीत नेऊ नका.

गुरं आणि माणसं

फवारलेल्या कुरणात गुरं लगेच सोडायची नाहीत. दुभत्या जनावरांना कमीत कमी सात दिवस बंदी, आणि लेबलवर जास्त लिहिलं असेल तर तेवढी. मी स्वतः तण पुरतं वाळेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस दिवस थांबतो. त्याचं कारण नुसतं औषध नाही. टू-फोर-डी लागलेलं झाड एका-दोन दिवसांत पिळवटतं, देठ वाकतात आणि सुकता सुकता त्याची चव बदलते. एरवी गाय ज्या तणाला तोंड लावत नाही, ते कोमेजलेलं असताना खाते. गाजरगवत पोटात गेलं तर दूध कडवट लागतं, तोंडाला फोड येतात. लांडग्याचं, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या त्या मोठ्या तणाचं, नुकतं उगवलेलं दोन पानांचं रोप तर जनावराच्या जिवावर उठतं. ओढ्याकाठच्या, पाणी ओसरलेल्या जागेत ते दाट उगवतं. फवारो न फवारो, पावसाळ्याच्या सुरुवातीला उपाशी वासरं तिथे नेऊ नका.

ओढा, तळं, गुरांचं पाणवठ्याचं डबकं यांच्यापासून लांब राहा. पंप धुतलेलं पाणीही तिथे नाही.

गायरान असेल तर ते तुमचं एकट्याचं नाही, हेही आलंच. ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय फवारणी नको, आणि विचारल्यावरही काम संपत नाही. गेल्या वर्षी मी बादलीत पावडर घोळत होतो तर समोरून एक मावशी ओटीत टाकळ्याचे कोवळे शेंडे खुडत येत होत्या. आपण ज्याला तण म्हणतो ती या दिवसांत कितीतरी घरांतली भाजी असते. टाकळा, कुर्डू, आघाडा, सगळी रुंद पानाचीच. मी म्हटलं, “मावशी, उद्यापासून इथला खुडू नका, औषध मारतोय.” त्या म्हणाल्या, “मग आजच सगळा नेते, पण पोरांना कोण सांगणार?” त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी फवारणी थांबवली. संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन समक्ष सांगितलं आणि कडेच्या बाभळींना लाल चिंध्या बांधल्या. ओढ्याकडचा अर्धा एकर टाकळ्यासाठी तसाच ठेवला. फवारणी चार दिवसांनी झाली, नुकसान काही झालं नाही.

फवारताना चष्मा घाला. अमाईनचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. गेलाच तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवत राहा आणि बाटलीचं लेबल घेऊन दवाखाना गाठा.

नंतरचं

तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन बसा. जी झाडं फक्त वाकडी होऊन परत फुटली असतील ती उपटा, तेवढ्यासाठी पुन्हा औषध नको. नवी उगवण दिसेलच. गाजरगवताचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि ओल मिळाली की केव्हाही उगवतं, त्यामुळे दोन-तीन पावसाळे पाठपुरावा लागतो. दुसऱ्या वर्षी मात्र औषध कमी लागतं, अट एकच, गवताला वाढू दिलं पाहिजे.

म्हणून फवारलेला तुकडा यंदा दिवाळीपर्यंत चराईला बंद ठेवा आणि गवत विळ्यानं कापून गोठ्यात न्या. मारवेल, पवन्या फुलोऱ्यावर आले की पहिली कापणी. जमिनीपासून चार बोटं सोडून कापा. एका कडेचा पट्टा न कापता राखा, त्याचं बी पडू द्या. मोकळ्या राहिलेल्या जागांत ऑगस्टच्या पावसात मारवेलचे ठोंब दीड-दोन फुटांवर लावा. ठोंब आणायला लांब जायची गरज नाही, बांधावर असतातच. त्याच खेपेला गोठ्यातल्या शेणखताच्या ढिगावरही नजर टाका. गाजरगवताचं बी शेणखतातून परत कुरणात जातं, आणि ढिगाच्या कडेला उगवलेली रोपं फुलायच्या आत उपटायला दहा मिनिटं लागतात.