क्रॉसओव्हर गायकाचा पूर्ण ऑपेरा ऐकताना या चुका टाळा

क्रॉसओव्हर गायक म्हणजे लोकप्रिय गाण्यांतून ऑपेराकडे आलेला गायक. अशांपैकी इटालियन टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) आंद्रेया बोचेल्लीचं नाव निघालं की ऑपेरा ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एका बाजूला सान रेमो महोत्सवातल्या १९९५ सालच्या ‘कोन ते पार्तिरो’पासून त्याच्यावर जीव टाकणारे. दुसऱ्या बाजूला ‘हा मुळी ऑपेरा गायकच नाही’ असं म्हणून रेकॉर्डिंगला हातही न लावणारे. दोघांचाही निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो. ऐकायला मात्र भरपूर आहे. झुबिन मेहतांच्या संचालनाखाली २००० साली आलेला पुच्चिनीचा ‘ला बोएम’, पुढे ‘तोस्का’, ‘इल त्रोवातोरे’, ‘वेर्थर’, ‘कार्मेन’, ‘तुरांदोत’, ‘आईदा’. गाणी गाऊन लोकप्रिय झालेल्या माणसाने एवढे पूर्ण ऑपेरे रेकॉर्ड केल्याचं दुसरं उदाहरण सहजी आठवत नाही. तेव्हा पारख करायची तर त्याच्याच रेकॉर्डिंगवर करून पाहू. खालच्या चुका कुठल्याही क्रॉसओव्हर गायकाच्या बाबतीत होतात.

चूक: प्रसिद्ध आरिया ऐकून निकाल देणे

सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत जास्त दिशाभूल करणारी चूक हीच. ‘ला बोएम’ हाती आला की बहुतेक जण थेट पहिल्या अंकातल्या ‘के जेलिदा मानिना’ या आरियावर, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्यावर जातात, ती पाच मिनिटं ऐकतात आणि मत देऊन मोकळे होतात. पण ही आरिया क्रॉसओव्हर गायकाच्या ओळखीचीच असते. ती त्याने मैफलींत गायलेली असते, तिच्यातल्या श्वासाच्या जागा पक्क्या झालेल्या असतात. तिथे तो चांगला वाटला तर नवल नाही.

कस लागतो तो सुरेल ओळींच्या आणि आरियांच्या मधल्या जागांत. त्याच आरियात नायक रोदोल्फो नायिका मिमीला स्वतःची ओळख करून देतो: मी कोण? कवी आहे. काय करतो? लिहितो. आणि जगतो कसा? जगतो झालं. या ओळी जवळजवळ बोलण्यासारख्या आहेत. गायक इथे खरंच प्रश्नोत्तरं करतोय, की पुढच्या सुरेल ओळीची वाट पाहत शब्द उरकतोय? इथे बोचेल्लीची बाजू भक्कम आहे. इटालियन त्याची मातृभाषा आहे, शब्द स्वच्छ येतात, मधल्या पट्टीत आवाजाला ऊब आहे.

आता तिसऱ्या अंकावर या. रोदोल्फो आपल्या मित्राला, मार्चेल्लोला आधी सांगतो की मिमी उच्छृंखल आहे, म्हणून मी तिला सोडतोय. मार्चेल्लोचा विश्वास बसत नाही, तेव्हा खरं बाहेर येतं: ती फार आजारी आहे आणि माझ्या थंडगार खोलीत ती मरेल. आड उभी असलेली मिमी हे सगळं ऐकते. काही मिनिटांत एकाच माणसाला आधी खोटं आणि मग खरं बोलायचं आहे, आणि दोन्ही गाऊनच. आवाजाचा रंग बदलला पाहिजे. खोटं बोलताना असलेला चढा सूर भीतीने मोडला पाहिजे. गोड आवाजाची सवय लागलेला गायक इथे अडकतो, कारण त्याचं दुःखही गोडच येतं. बोचेल्लीचा रोदोल्फो मला इथे एकसुरी वाटतो. प्रेम, मत्सर आणि धास्ती एकाच प्रकाशात उभी राहतात. पहिल्या अंकाने दिलेलं मत मला या अंकाने बदलायला लावलं.

याच अंकाच्या शेवटी चौघांचं गायन आहे. एकीकडे मिमी-रोदोल्फोचा निरोप, दुसरीकडे मार्चेल्लो आणि त्याची प्रेयसी मुसेत्ता यांचं भांडण. इथे गायकाने स्वतःची ओळ सांभाळायची असते आणि मिमी गाणाऱ्या बार्बारा फ्रित्तोलीसारख्या मुरलेल्या सोप्रानोबरोबर (उंच पट्टीच्या गायिकेबरोबर) श्वासही घ्यायचा असतो. ओळीच्या शेवटी दोघांनी स्वर एकत्र सोडला का? तिने लय किंचित ओढली तेव्हा तो बरोबर गेला का? एकट्याने गाऊन मोठा झालेला गायक सहगायनात कसा वागतो, हे अशा बारकाव्यांत कळतं.

चूक: आवाज ‘मोठा’ की ‘छोटा’ हे रेकॉर्डिंगवरून ठरवणे

ऑपेराच्या रंगमंचावर गायकापुढे माइक नसतो. पूर्ण ऑर्केस्ट्रावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, त्यामागे ध्वनिशास्त्र आहे. ऑर्केस्ट्राची ताकद साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तिथून वर कमी होत जाते. तालीम झालेल्या ऑपेरा गायकाच्या, विशेषतः पुरुषांच्या आवाजात ३००० हर्ट्‌झच्या सुमारास जोर एकवटलेला असतो. तिथे ऑर्केस्ट्राची गर्दी कमी असल्याने आवाज आरपार जातो. ही आवाजाची फेक वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येते. माइकवर गाणाऱ्याला तिची गरजच पडत नाही.

स्टुडिओत ही सगळी परीक्षा बाजूला राहते. माइक जवळ असतो, पातळ्या नंतर जुळवता येतात, प्रसंग तुकड्यातुकड्यांनी आणि वाटेल त्या क्रमाने रेकॉर्ड होतात. म्हणून ‘या सीडीवर तर तो ऑर्केस्ट्रावर भारी पडतोय’ हे प्रशस्तिपत्र नव्हे. उलट टीकाकारांनी ‘थिएटरात हा आवाज ऐकूच येणार नाही’ असं सीडी ऐकून म्हणणंही बरोबर नाही. त्यासाठी थिएटरातलाच पुरावा हवा. बोचेल्लीने १९९८ साली काल्यारीत ‘ला बोएम’ आणि १९९९ साली डेट्रॉइटमध्ये ‘वेर्थर’ रंगमंचावर केला होता. तो वेगळा विषय, वेगळा निकाल.

स्टुडिओचा आधार फक्त क्रॉसओव्हर गायकच घेतात असंही नाही. संचालक फुर्टवेंगलरच्या १९५२ सालच्या वाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’मध्ये नायिका गाणाऱ्या कर्स्टन फ्लागस्टाडसाठी वरचे दोन ‘सी’ स्वर एलिझाबेथ श्वार्झकॉफने गायले होते. त्याने फ्लागस्टाडची थोरवी कमी होत नाही.

मग रेकॉर्डिंगवर काय तपासता येतं? दमसास. लांब ओळ एका श्वासात जाते की शब्दाच्या मध्येच तुटते? मधल्या पट्टीतून वर जाताना, टेनरच्या बाबतीत साधारण ‘एफ’ आणि ‘जी’ या स्वरांच्या आसपास, आवाजाची जात तीच राहते की एकदम पातळ होते किंवा घशात अडकते? आणि जोरात गाताना स्वर फुलतो का? आवाज नुसता मोठा झाला, पण त्यातली झळाळी वाढली नाही, तर ते काम मिक्सिंग करणाऱ्याचं असू शकतं. बोचेल्लीच्या बाबतीत वरच्या पट्टीतला ताण आणि जोराच्या जागी येणारा कोरडेपणा मला स्पष्ट ऐकू येतो. हे दोष माइकने झाकता येत नाहीत. उलट माइक ते जवळ आणून दाखवतो.

चूक: तारस्वरांची मोजणी

‘त्याने हाय सी लावला का?’ हा टेनरच्या गाजलेल्या तारस्वराबद्दलचा प्रश्न विचारण्याआधी स्वरलिपी उघडून पाहावी. जुन्या ऑपेरांच्या स्वरलिप्या आयएमएसएलपीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ‘इल त्रोवातोरे’तल्या ‘दी क्वेल्ला पिरा’मधला गाजलेला ‘हाय सी’ व्हेर्दीने लिहिलेलाच नाही, तो परंपरेने आला. ‘ला बोएम’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी पुच्चिनीने वरचा ‘सी’ मिमीला दिला आहे. रोदोल्फोला खालचा ‘ई’ आहे. तो गाणारा टेनर कमी पडला असं नव्हे, तो लिहिलंय तेच गातोय. ‘के जेलिदा मानिना’ अर्धा स्वर खाली उतरवून गाण्याची प्रथाही जुनी आहे आणि नामवंतांनी ती पाळली आहे.

याउलट जिथे संगीतकाराने खरंच अवघड मागितलंय, तिथे आपलं लक्षच जात नाही. ‘आईदा’तल्या ‘चेलेस्ते आईदा’ या आरियाचा शेवटचा ‘बी फ्लॅट’ व्हेर्दीला अगदी हळू, विरत जाणारा हवा होता. ‘कार्मेन’मधल्या डॉन होसेच्या फुलाच्या गाण्यातला वरचा ‘बी फ्लॅट’ही बिझेने हळूच लिहिला आहे. बहुतेक टेनर दोन्ही ठिकाणी पूर्ण जोर लावतात. ‘दी क्वेल्ला पिरा’च्या आधी नायक मान्रिकोची ‘आह सी, बेन मिओ’ ही संथ आरिया आहे. तिच्यातले ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांतली जलद आंदोलनं) नीट आले का, हा प्रश्न हाय सीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

सूर तपासायला ट्यूनरचं ॲप वापरत असाल तर एक जपा. अनेक ऑर्केस्ट्रा ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झऐवजी ४४२ किंवा ४४३ वर लावतात. त्याने काटा सगळीकडेच जेमतेम आठ-बारा सेंट वर दिसेल. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, त्यामुळे पट्टी उतरवली असेल तर ते लपणार नाही. गायक बेसूर म्हणायचा तर सोबतच्या वाद्यांच्या तुलनेत.

चूक: चुकीच्या रेकॉर्डशेजारी ठेवणे

‘ला बोएम’ म्हटलं की पावारोत्ती आणि फ्रेनी यांची, कारायानच्या संचालनाखालची १९७२ सालची रेकॉर्ड आठवते. ती ऐकून कुणालाही ऐकलं तरी फिकंच वाटणार. त्या मापाने चांगले चांगले व्यावसायिक टेनरही नापास होतील. टेनर ब्यॉर्लिंगची १९५६ सालची रेकॉर्ड तर मोनोमध्ये (एकाच ध्वनिमार्गावर) आहे, आवाज आणि ऑर्केस्ट्रा यांचा तोलच निराळा. ही शिखरं जरूर ऐकावीत, पण प्रश्न असा विचारावा: एखाद्या बऱ्यापैकी ऑपेरागृहात आज रात्री हीच भूमिका करणाऱ्या टेनरच्या मानाने हा कुठे बसतो? त्यासाठी तिसरा अंक दोन-तीन मध्यम कीर्तीच्या गायकांकडूनही ऐकून पाहा.

गायकाचं आयुष्य तुलनेत आणणं टाळावंच. बोचेल्लीची दृष्टी लहानपणी गेली. म्हणून सूट देणं हा त्याच्या कामाचा अवमान आहे. रंगमंचावरच्या हालचालींत तिचा प्रश्न येतो, रेकॉर्डिंगमध्ये नाही. आणि विक्रीचे आकडे तर कुठल्याच बाजूने पुरावा होत नाहीत.

चूक: सगळ्या भूमिका एकाच तागडीत तोलणे

रोदोल्फो आणि वेर्थर ही हळव्या, लिरिक आवाजाची कामं. मान्रिको, ‘तुरांदोत’मधला कालाफ, ‘आईदा’मधला रादामेस यांना पोलादी धार लागते, आणि ती लागते मागे पितळी वाद्यं गर्जत असताना. ‘नेस्सून दोर्मा’ हे कालाफचं गाणं मैफलीत सुरेख गायलं म्हणून त्याच ऑपेराच्या दुसऱ्या अंकातल्या कोड्यांच्या प्रसंगाला पुरं पडता येतंच असं नाही. शिवाय वय असतं. १९५८ साली जन्मलेला बोचेल्ली ‘ला बोएम’च्या वेळी चाळिशीत होता, मेहतांबरोबरचा त्याचा ‘आईदा’ २०१६ सालचा. एकाचं मत दुसऱ्याला चिकटवू नये.

माझं मत विचाराल तर ‘वेर्थर’ आधी ऐका. मास्नेच्या त्या अंतर्मुख, स्वतःशीच कुढणाऱ्या तरुणाला हा आवाज शोभतो, आणि जोराच्या जागा मोजक्या असल्याने गायक घाईला येत नाही. ‘इल त्रोवातोरे’ सर्वांत शेवटी. त्यात मान्रिकोच्या शौर्याऐवजी एक सज्जन, व्याकूळ माणूस ऐकू येतो, आणि व्हेर्दीला तेवढा पुरत नाही.