जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार कसा चालतो : सातारा जिल्ह्यातील पालकांसाठी

मुलाचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले की पालकाची ओळख वर्गशिक्षकांशी आणि मुख्याध्यापकांशी होते, आणि बहुतेकांच्या लेखी शाळा म्हणजे ही दोन माणसेच असतात. छप्पर गळाले, शिक्षकांची बदली होऊन जागा रिकामी राहिली, मुलीचा उपस्थिती भत्ता जमा झाला नाही, की सगळी गाऱ्हाणी त्यांच्याच पुढ्यात येतात. वास्तविक यांतील एकही गोष्ट मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या सहीने होत नाही. कोणता निर्णय कोणत्या टेबलावर होतो आणि तिथे कोणता कागद लागतो, एवढे कळले तरी निम्मे हेलपाटे वाचतात. खटाव तालुक्यातील एका लहान शाळेच्या व्यवस्थापन समितीवर चार वर्षे काढल्यानंतर जे हाती आले, ते इथे मांडत आहे.

शाळा कोणाची, हे आधी पाहावे

१९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण होते. गावातील मराठी शाळा या जिल्हा परिषदेची असते आणि तिथला शिक्षक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. गावात हायस्कूल असेल तर ते बहुधा एखाद्या संस्थेचे असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाखा आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्या शाळांचे व्यवस्थापन संस्थेकडे असते. सातारा किंवा कराड शहरातील नगरपालिकेची शाळा ही आणखी तिसरी गोष्ट. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी शाळेच्या फलकावरील पहिली ओळ वाचावी. संस्थेच्या हायस्कूलची तक्रार घेऊन प्राथमिक विभागात गेलेला पालक संध्याकाळी तोच कागद घेऊन परत येतो.

जिल्हा परिषदेत शिक्षणाचे धोरणात्मक काम शिक्षण समिती पाहते. तिचे सभापती लोकनियुक्त सदस्य असतात आणि सचिव म्हणून शिक्षणाधिकारी काम पाहतात. प्रशासनाचे प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या त्यांच्या अधिकारात येतात. २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपल्यानंतर बराच काळ प्रशासक नेमलेले होते, तेव्हा आपल्या गटाचा सदस्य गाठून काम सांगण्याची सवय असलेल्या गावांची मोठी पंचाईत झाली. अधिकाऱ्याला लेखी अर्ज करण्याची सवय मात्र दोन्ही काळांत उपयोगी पडते.

शिक्षणाधिकारी तीन असतात : प्राथमिक, माध्यमिक आणि योजना. पहिली ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी प्राथमिक विभाग. मात्र साताऱ्याला जाण्याची गरज क्वचितच पडते, कारण तालुक्याच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी बसतात, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि त्याखाली जवळपासच्या शाळांचा गट सांभाळणारे केंद्रप्रमुख असतात. नव्याने राहायला आलेल्या माणसासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो : खटाव तालुक्याची पंचायत समिती वडूजला आहे, माणची दहिवडीला आणि जावळीची मेढ्याला. तालुक्याच्या नावाची एसटी शोधत बसू नये.

शाळा व्यवस्थापन समिती

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा व शिक्षकांचा प्रतिनिधी सोबत असतो. पालक सदस्यांची निवड पालकसभेत होते. ही सभा कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे, कारण ज्या सभेला पंधरा माणसे येतात तिथे अध्यक्ष कोण होणार हे आदल्या रात्री पारावर ठरलेले असते, आणि ज्या सभेला साठ येतात तिथे ते ठरवणे पारावरच्या मंडळींना जड जाते.

समितीची खरी ताकद प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांचे ठराव लिहिण्याच्या वहीत असते. आमच्या शाळेतील वही लांबट, कापडी पाठीची आणि आखीव पानांची होती. मी पहिल्यांदा ती चाळली, तेव्हा दोन वर्षांच्या सभांमध्ये विषय तेच, वाक्ये तीच आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ हेच शब्द दिसले. काही पानांवर वर मजकूर आणि खाली सह्या, तर दोन पानांवर नुसत्याच सह्या आणि वर कोरी जागा होती. सही घेणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. माहिती वर पाठवण्याची घाई असते आणि शेतातून आलेली माणसे सही करून परत जातात. तरीही कोऱ्या पानावर सही करू नये, हा नियम पहिल्याच सभेत सर्वांनी मिळून करावा. ठरावात विषय, नेमकी मागणी, कोणत्या कार्यालयाकडे पाठवायचे ते, सूचक, अनुमोदक आणि तारीख असावी. ‘शाळेची दुरुस्ती व्हावी’ असा ठराव कोणालाच बांधत नाही. ‘खोली क्रमांक दोन व तीनच्या छपराची पाहणी करून अंदाजपत्रक करावे’ असा ठराव लिहिला तर पुढच्या माणसाला निश्चित काम मिळते.

याच छपराचा आमचा अनुभव सांगण्यासारखा आहे. ठराव झाला आणि त्याची प्रत अध्यक्षांनी स्वतः नेऊन एका कार्यालयात दिली. ‘बघतो’ असे उत्तर मिळाल्यावर आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बादल्या मांडाव्या लागल्या, तेव्हा चौकशीला गेलो, तर असा कागद आलाच नसल्याचे सांगण्यात आले. आमच्याजवळ पोहोच नव्हती, त्यामुळे बोलण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही दोन प्रती नेल्या, एक आवक टेबलावर दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. तोच क्रमांक पुढे प्रत्येक स्मरणपत्राच्या डोक्यावर लिहिला, आणि मगच पाहणीला माणूस आला. इमारतीचे काम शिक्षण विभाग स्वतः करत नाही, हेही तेव्हाच कळले. अंदाजपत्रक बांधकामाच्या अभियंत्यांकडून होते आणि पैसा अनेकदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतो, त्यामुळे ठरावाची एक प्रत तिकडेही जावी लागते.

समितीच्या हातात पैसा अगदीच नसतो असे नाही. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : निकषाप्रमाणे तीस पटापर्यंत कमाल १०,००० रुपये आणि शंभरापर्यंत २५,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा असतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिचा हिशेब प्रत्येक सभेत मागावा. गणवेशाचे उदाहरण तर ताजे आहे. दोन गणवेशांची खरेदी पूर्वी समिती करत असे. २०२४-२५ मध्ये ती राज्य पातळीवर नेण्यात आली, अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत आणि मापांच्या तक्रारी झाल्या, आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा समितीकडे आले. गावातला शिंपी मुलाच्या अंगावर माप घेतो, एवढाच काय तो फरक.

मुलांना मिळणाऱ्या सेवा

पाठ्यपुस्तके पहिल्या दिवशी मिळतात, त्याविषयी फारसे सांगावे लागत नाही. पोषण आहाराबाबत मात्र पालकांनी अधूनमधून शाळेत डोकावावे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण ठरलेले आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवणाची चव घेऊन नोंदवहीत नोंद करायची असते, आणि पालकालाही चव घेता येते. सकाळी साडेदहाला जाऊन तांदळाचे पोते कुठे ठेवले आहे, ते जमिनीला टेकलेले आहे की फळीवर आहे, हे पाहिले तर वहीपेक्षा अधिक कळते.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज शाळेतूनच भरले जातात. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्तांमध्ये शासनाने वेळोवेळी बदल केले आहेत, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच मुलाची तयारी सुरू करावी. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेकडे मात्र आपल्याकडे अकारण दुर्लक्ष होते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील मूल निवडले गेले तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा, कारण शेवटच्या आठवड्यात सेतूत उभे राहायला जागा नसते.

घर आणि शाळा यांतील अंतर हा पाटण, जावळी आणि महाबळेश्वर भागातील खरा प्रश्न आहे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते; नसेल तर वाहतुकीची सोय करण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे. जावळीतील खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. तेवढी वेळ येऊ देण्याआधी समितीने वाडीनिहाय मुलांची यादी आणि प्रत्येकाचे अंतर लिहून ठरावाला जोडावे. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हेही पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

माण-खटावातून ऊसतोडीला किंवा मेंढरांमागे जाणाऱ्या आणि हंगामात कराडच्या कारखान्यांकडे बाहेरून येणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही किंवा वर्ष निम्मे सरले आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने त्याला परत पाठवता येत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवावे लागते.

दिव्यांग मुलांच्या पालकांशी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण सर्वाधिक हक्क त्यांचे आहेत आणि सर्वांत कमी मागणीही त्यांचीच असते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता हेही येतात, म्हणजे ‘पोरगं अभ्यासात मठ्ठ आहे’ असे ज्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्यासाठीही तरतूद असू शकते. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावे लागते. ते हाती येईपर्यंत थांबू नये. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना मूल दाखवावे आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत झालेली नोंद सोबत न्यावी. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर मोफत शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत आहे. आमच्याच शाळेत एक मुलगी तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसत होती, आणि तिला फळा दिसत नाही हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

तक्रार कुठे करावी

आधी समितीपुढे, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे, हा सामान्य क्रम आहे. प्रश्न मुलाच्या हक्काचा असेल तर अर्जात ‘शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ३२ अन्वये’ असे शब्द घालावेत, कारण त्या कलमाखाली लेखी तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मारहाण किंवा लैंगिक छळाच्या बाबतीत हा क्रम पाळत बसू नये. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि थेट पोलिसांत जावे.

शिक्षक कमी असल्याची तक्रार असेल तर अर्जापूर्वी संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या शिक्षकांची संख्या पाहावी. किती शिक्षक द्यायचे ते पटावर ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरची नोंद धरली जाते. आधारशी न जुळलेली नावे त्यात मोजली जाण्यात अडचण येते, म्हणून ऑगस्टमध्येच सर्व पालकांनी मुलांची आधारवरील नावे शाळेतील नोंदींशी ताडून घ्यावीत.

आणि जनरल रजिस्टर. नाव घालतानाच मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात त्यात कशी लिहिली आहे, हे स्वतः वाचावे, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत, म्हणजे आताच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची नोंद आजही दाखवली जाते. अलीकडे कुणबी नोंदींसाठीही माणसे अशीच जुनी शालेय रजिस्टरे चाळत होती. मूल शाळेत असेपर्यंत त्यातील चूक पुराव्यासह अर्ज करून दुरुस्त करता येते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की तेच काम फार अवघड होऊन बसते, म्हणून दाखला घेताना खिडकीपाशीच थांबून सगळे रकाने वाचून मगच पोहोचेची सही करावी.