बाजारातला संडास बायकांना बिनधास्त वापरता येईल असा बांधायचा तर

सांगली-मिरजेच्या भाजीबाजारात दिवसभर बसणाऱ्या मावशींना विचारून बघा, कितीतरी जणी पाणीच कमी पितात कारण जायचं कुठं हा प्रश्न. म्हणून तुमच्या वॉर्डात नवीन शौचालय मंजूर झालं असेल तर नकाशा पास व्हायच्या आधीच इंजिनिअरकडं जाऊन बसा, एकदा कॉलम उभे राहिले की कोण ऐकत नाही.

आधी जागा. कचरा कोंडाळ्यामागं, बोळात अजिबात नको. दार रस्त्यावरून दिसावं पण आतलं दिसू नये, त्यासाठी दारापुढं आडभिंत घ्यायची, आणि बायकांचं दार वेगळ्या बाजूला. दोघांना सारखीच जागा दिली की पुरुषांकडं मुताऱ्यांमुळं सोय जास्त होते आणि बायकांची रांग लागते, तेव्हा बायकांना सीट जास्तच मागा. शेजारी चहाचा नाहीतर दुधाचा एक गाळा काढा, भाड्यातून सफाईला हातभार लागतो आणि माणसांचा वावर राहिला की रात्रीपण भीती वाटत नाही.

आतलं काम मात्र बारकाईनं बघा. फरशी खरबरीत हवी आणि उतार पाणी जायच्या जाळीकडंच, नाहीतर पाणी साचतं आणि बाई एका हातानं साडी, एका हातानं पिशवी धरून कडी लावायला बघते. पिशवीला खुंटी, पॅडसाठी झाकणाचा डबा, आतून घट्ट लागणारी कडी, हे सगळं इस्टिमेटमध्येच लिहून घ्या, मागनं होत नाही. भिंतीत वरच्या बाजूला सिमेंटची जाळी आणि छताखाली फट ठेवली की दिवसा लाईट लागत नाही, वासपण वरून निघून जातो. एक तरी खोली व्हीलचेअरची, रॅम्पला एक फूट चढाला बारा फूट लांबी.

आता सांगलीची खरी अडचण म्हणजे पूर. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, त्यामुळं नदीकाठच्या भागात जोतं उंच, मैल्याच्या टाकीचं झाकण सीलबंद आणि पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह पाहिजेच. साताऱ्याकडं मुरमाच्या जमिनीत दोन शोषखड्डे आलटून पालटून वापरता येतात, इथल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही म्हणून तो नाद नको. टाकी अशा जागी घ्या की मैला उपसायच्या गाडीचा पाइप पोचेल, सेफ्टीशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि तशी वेळच येऊ नये. हात धुतल्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्याला सोडा, छताचं पावसाचं पाणी फ्लशला.

टोकियोत शिबुया भागात २०२० पासून नावाजलेल्या आर्किटेक्टकडून १७ ठिकाणी शौचालयं करून घेतली, पण तिथंही सफाई दिवसातून दोन-तीनदा होते. इथंही केअरटेकरला बसायला खोली, पंखा आणि पाण्याचा नळ नकाशातच दाखवून घ्या. ताबा घ्यायच्या आधी बाजारातल्याच दोघी-तिघींना अंधार पडल्यावर आत पाठवा आणि त्या सांगतील ते दुरुस्त झाल्यावरच कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढायला सांगा.