एका रोहित्रावर विजेच्या गाड्यांचे अनेक चार्जर: भार कसा वाटून घ्यावा

रात्री साडेदहाला त्या इमारतीच्या आवारातल्या फीडर पिलरचं, म्हणजे घरोघरी वीज वाटून देणाऱ्या पेटीचं, दार उघडलं तेव्हा करपल्याचा वास आला. आर, वाय आणि बी या तीन फेजांपैकी आरच्या लगजवळचं, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीजवळचं, इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला: आर १७० अँपिअर, वाय ४५, बी ५०. न्यूट्रलमधूनही, म्हणजे परतीच्या तारेतूनही, १२० च्या वर करंट वाहत होता. रहिवाशांची मागणी होती की रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लहान पडतंय, मोठं बसवून द्या.

रोहित्र १०० केव्हीएचं होतं. त्याला दर फेजला साधारण १३९ अँपिअर झेपतात, म्हणजे तिन्ही मिळून ४१७. इथे बेरीज होती २६५. क्षमता भरपूर शिल्लक होती, पण चार घरांनी ३२ अँपिअरचे चार्जर बसवले होते आणि वायरमनने चौघांनाही हाताशी आलेला एकच फेज दिला होता. आम्ही दोन चार्जर आरवरच ठेवले, एक वायवर आणि एक बीवर नेला. आकडे आले १०६, ७७ आणि ८२. रोहित्र तेच राहिलं.

रोहित्रांच्या देखभालीत माझी वीस वर्षं गेली आहेत. म्हणून तुमच्याकडे चार्जर बसायचा असेल तर पहिलं काम हेच करा: परवानाधारक वायरमनला तिन्ही फेजचे आकडे मोजायला सांगा, तेही संध्याकाळी, घरोघरी दिवे-पंखे चालू असताना. दुपारी मोजलेला आकडा फसवतो. पिलर स्वतः उघडू नका.

दुसरं, वीज कंपनीला कळवून मंजूर भार वाढवून घ्या. लोक हे टाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कागदावर नसलेला भार आम्हाला दिसतो तो फ्यूज उडाल्यावरच.

आता अँपिअर किती ठेवायचे? गाडी दिवसाला ४० किलोमीटर फिरत असेल तर तिला सहा-सात युनिट लागतात. २३० व्होल्टवर ३२ अँपिअरने ते तासाभरात भरतात, १० अँपिअरने तीन तासांत. गाडी रात्रभर उभीच असते, मग घाई कशाला? चार्जरच्या किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये करंट कमी करता येतो. ६ अँपिअरपर्यंतही उतरता येतं, पण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीची स्वतःची यंत्रणाही वीज खात असते, त्यामुळे फार रेंगाळण्यात नुकसान आहे. मी १० ते १६ सुचवते. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री खुशाल ३२ लावा.

हा फरक रोहित्राला खरोखर जाणवतो. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांवर कागदाचं इन्सुलेशन असतं आणि भोवती तेल. सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर ६ अंश गेलं की साधा कागद दुप्पट वेगाने जीर्ण होतो. संध्याकाळी तापलेलं तेल रात्री निवायला हवं, आणि नेमकं तेव्हाच आपण गाड्या लावतो.

टायमरबद्दल मात्र सावध राहा. रात्री वीज स्वस्त होत असेल तर सगळे तोच ठोका धरतात आणि एका मिनिटात सगळे चार्जर सुरू होतात. ब्रिटनमध्ये यासाठी २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरना दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब बंधनकारक केला आहे. तुमच्या चार्जरमध्ये ती सोय नसेल तर सुरू होण्याची वेळ देण्याऐवजी सकाळी निघण्याची वेळ भरा. प्रत्येक गाडीची गरज वेगळी असल्याने त्या आपोआप पुढेमागे सुरू होतात. दहाबारा गाड्या असतील तर मुख्य केबलवरचा करंट पाहून सगळ्या चार्जरना वाटून देणारी भार व्यवस्थापन यंत्रणा बसवा. मोठ्या रोहित्रापेक्षा ती नक्कीच आधी विचारात घ्यावी. कामाच्या ठिकाणी सौर पॅनेल असतील तर दुपारी तिथेच गाडी लावणं उत्तम.

आणि वीज गेली तर चार्जर बंद करा. पुरवठा परतताना फ्रिज, पंप, एसी एकदम भार ओढतात, त्यात गाड्यांची भर पडली की आम्ही नुकताच घातलेला फ्यूज पुन्हा जातो. पंधरा मिनिटं थांबून चार्जर लावा.

त्या इमारतीच्या पिलरच्या दारावर आतल्या बाजूने मी तारीख घालून तिन्ही फेजचे आकडे लिहिले होते. पाचवी गाडी आली तेव्हा वायरमनने आधी ते वाचले, पुन्हा मोजून खात्री केली आणि तिला वाय फेज दिला.