फिल्म कॅमेऱ्यावर फ्लॅश सिंक होत नाहीये? कॅमेरा रिपेअरला देण्याआधी या चुका टाळा

जुना मेकॅनिकल कॅमेरा घेतला, फ्लॅश लावला, रोल धुवून आला आणि प्रत्येक फोटो अर्धा काळा. की लगेच निष्कर्ष काढून मोकळे, "शटर गेलं". हे ऐकून ऐकून आता वीट आलाय, कारण बऱ्याचदा शटर ठणठणीत असतं, फक्त डायल चुकीच्या आकड्यावर असतो नाहीतर केबल चुकीच्या जागी खोचलेली असते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅश शटरशी जुळतो त्या सगळ्यात वेगवान स्पीडच्या, वरचा शटर स्पीड. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघून फोटो काढायच्या कॅमेऱ्यात, फिल्मसमोर दोन पडदे असतात, पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. सिंक स्पीड १/६० सेकंद असेल तर त्या स्पीडला पहिला पडदा पार पलीकडे पोचतो आणि दुसरा अजून निघालेला नसतो, त्या मधल्या क्षणी अख्खी फ्रेम उघडी असते आणि फ्लॅश तेव्हाच उडायला हवा. १/५०० ला दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो, दोघांच्या मधे नुसती फट सरकत जाते, आणि फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी टिकतो, मग त्या क्षणी फट जिथे असेल तेवढीच पट्टी उजळणार. कापडी पडदा आडवा धावत असेल तर काळा पट्टा फ्रेमच्या आखूड बाजूला समांतर येतो, धातूचं शटर उभं धावत असेल तर लांब बाजूला. पट्ट्याची कड सरळ असते हे लक्षात ठेवा. फोटोच्या खालच्या बाजूला गोलसर सावली दिसत असेल तर तो लेन्सचा किंवा हूडचा अडथळा आहे, त्याचा शटरशी काही संबंध नाही.

प्रत्येक कॅमेऱ्याचा आकडा वेगळा. पेंटॅक्स के १००० आणि ऑलिम्पस ओएम १ ला १/६०, झेनिट ई ला १/३०, निकॉन एफएमला १/१२५, एफएम २ आधी १/२०० आणि नंतरच्या मॉडेलला १/२५०. डायलवर तो आकडा लाल असतो किंवा शेजारी एक्स नाहीतर विजेची खूण असते. मित्राचा कॅमेरा १/१२५ वर चालतो म्हणून तुमचाही चालेल असं नाही. आणि सिंक स्पीडपेक्षा हळू काहीही चालतं, अगदी बी (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं) सुद्धा, फक्त आजूबाजूचा उजेड जास्त असेल तर हलणाऱ्या माणसाभोवती भुतासारखी दुसरी प्रतिमा येते. तो सिंकचा दोष नव्हे.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार, फ्लॅशची केबल खोचायचं सॉकेट. ओळखीचा एक मुलगा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक घेऊन आला, म्हणाला, "दादा, शटर बदलायचंय, कुठे मिळेल?" त्याने एक रोल वाया घालवला, मग खात्री करायला दुसराही घालवला, मधे एका मेकॅनिककडे कॅमेरा उघडूनही झाला, त्याने पडद्यांच्या स्प्रिंगचं टेन्शन फिरवून ठेवलं आणि पैसेही घेतले. मी निगेटिव्ह मागितल्या. टेबलवरचा दिवा आणि खिडकी झकास उमटलेली, बाकी फिल्म जवळपास कोरी, माणसांचे चेहरे नावालाच. म्हणजे शटर उघडत होतं, पडदे धावत होते, नुसता फ्लॅशचा उजेड फिल्मपर्यंत पोचत नव्हता. केबल कुठे लावतोस विचारलं तर त्याने दाखवलं, एफपी लिहिलेल्या सॉकेटमध्ये. स्पॉटमॅटिकला पुढे दोन सॉकेट आहेत, एक एफपी, एक एक्स. एफपी हे जुन्या एकदाच जळणाऱ्या फ्लॅशबल्बसाठी. बल्बला पेटून पूर्ण उजेडावर यायला वेळ लागतो म्हणून तिथला कॉन्टॅक्ट पडदा उघडायच्या आधीच जुळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश मात्र लगेच उडतो आणि पडदा उघडेपर्यंत विझूनही जातो. केबल एक्समध्ये घातली आणि प्रश्न मिटला, पण मेकॅनिकने बिघडवलेलं टेन्शन नीट करून घ्यायला पुन्हा खर्च झालाच. शेजारी कोरलेली दोन अक्षरं वाचायला किती वेळ लागतो?

ओएम १ वर सॉकेटभोवतीच एफपी आणि एक्सची चकती असते, ती हात लागून फिरते, दरवेळी बघा. लीफ शटरवाल्या (लेन्समधल्या पात्या गोल उघडतात अशा) कॅमेऱ्यांत एम (फ्लॅशबल्बसाठी) आणि एक्सची दांडी असते, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्सच. एमवर ठेवलंत तर कुठलाही स्पीड लावा, फ्रेमवर फ्लॅशचा उजेड येणारच नाही. त्याच दांडीला व्ही असेल तर तो सेल्फ टायमर आहे, जुन्या शटरमध्ये त्याला हात लावू नका, अर्ध्यात अडकला की अख्खं शटर अडकतं.

रोल जाळून टेस्ट करणं बंद करा, प्लीज. कॅमेरा रिकामा करा, मागचं झाकण उघडा, लेन्स काढा किंवा सगळ्यात मोठ्या अॅपर्चरवर ठेवा, खोलीत अंधार करा, फ्लॅश लावून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि मागून बघत शटर दाबा. पूर्ण चौकट उजळलेली दिसली तर सिंक बरोबर. मग एकेक स्पीड वाढवत जा, कुठल्या आकड्याला चौकट कापली जाते ते डोळ्यांनी दिसतं. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला तर आणखी स्पष्ट दिसतं, पडद्याला मात्र बोट लागू देऊ नका. लीफ शटरला पूर्ण गोल दिसायला हवा. मी कुठलाही जुना कॅमेरा हातात आला की त्यात फिल्म घालायच्या आधी हे करतो, आणि ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी फिल्मच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लॅश उडतच नसेल तर आधी दोष कुणाचा ते वेगळं काढा. केबल कॅमेऱ्यातून काढा आणि टोकाची मधली पिन बाहेरच्या रिंगला क्लिपने जोडा, क्लिप प्लास्टिकच्या चिमट्यात धरा कारण जुन्या फ्लॅशच्या टोकाला २०० व्होल्टच्या वर असू शकतात. उडाला तर फ्लॅश आणि केबल ठीक, गडबड कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टमध्ये. नाही उडाला तर केबलवर संशय घ्या, पीसी केबल, म्हणजे कॅमेऱ्याचं सॉकेट आणि फ्लॅश जोडणारी वायर, ही या सगळ्या साखळीतली सगळ्यात रद्दी वस्तू आहे, मी नेहमी एक जास्तीची ठेवतो. हॉट शूचा, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेचा, कॉन्टॅक्ट काळवंडला असेल तर खोडरबर आणि थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल पुरतं, सँडपेपर नको.

फ्लॅशची रेडी लाइट लागली की लगेच शटर दाबू नका. बऱ्याच फ्लॅशमध्ये ती पूर्ण चार्ज व्हायच्या आधीच लागते, आणखी काही सेकंद थांबा. वर्षानुवर्षं पडून असलेला फ्लॅश चार्ज करून थोडा वेळ तसाच चालू ठेवा, मग काही वेळा उडवा. उघडून बघायचा मोह अजिबात नको, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास असतात आणि सेल काढले तरी ते उतरत नाहीत.

सगळे फोटो सारखेच अंधारे पण पट्टा नाही, तर ते एक्सपोजर आहे. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे अॅपर्चर, २८ गाइड नंबरचा फ्लॅश ५ मीटरवर एफ ५.६, फिल्म आयएसओ १०० धरून.

केबलशिवाय फ्लॅश उडवणारे स्वस्त वायरलेस ट्रिगर थोडा उशीर करतात, तिथे सिंक स्पीडच्या एक पायरी खाली राहा.

एवढं करूनही १/६० सिंक स्पीडच्या कॅमेऱ्यात १/६० लाच एका कडेला पट्टा येत असेल तर पडदे खरंच मंदावलेत. १/३० वर फ्लॅश नीट येतो का बघा, येत असेल तर सर्व्हिसिंग होईपर्यंत तेच वापरा. शटरमध्ये तेलाचा थेंब सोडायचा उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका, तेल पसरतं, धूळ धरतं, पडद्यांवर जातं आणि मग एका जागचा दोष सगळीकडे होतो. रिपेअरला देताना नुसतं "फ्लॅश चालत नाही" म्हणू नका, कुठल्या स्पीडला, कुठल्या कडेला, किती रुंद पट्टा येतो ते लिहून द्या आणि सोबत निगेटिव्हचा तुकडा द्या, म्हणजे नको ते स्क्रू उघडले जात नाहीत.