रानहत्ती पाहायला जाताना

पहाटेची सफारी घ्या असं सगळे सांगतात, पण हत्तींसाठी मला दुपारनंतरची फेरीच आवडते. कोरड्या दिवसांत ऊन कललं की कळप पाण्यावर उतरतात. गाईडला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, आज फक्त हत्ती पाहायचेत, बाकीच्यांमागे धावायचं नाही.

कपडे मळखाऊ रंगाचे. अत्तर अजिबात नको, हत्तीचं नाक फार तिखट असतं. म्हणूनच जाणता गाईड वारा हत्तीकडून आपल्याकडे येईल अशा बेतानं जीप लावतो.

वाटेत लिदीकडे लक्ष द्या. आमच्या गाईडनं एकदा गाडी थांबवून बोट दाखवलं. लीद ओली होती, वाफ निघत होती आणि शेजारी पडलेल्या फांदीची साल नुकतीच सोललेली. पाच मिनिटांत झुडपात एक कान हलला, मग अख्खी राखाडी भिंतच सरकली!

कान संथ हलतायत म्हणजे अंग गार ठेवणं चाललंय. पण कान ताठ पसरले, सोंड आत मुडपली, किंवा नराच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेतून काळपट ओघळ दिसला (तो मदावर आलेला), तर फोटो राहू द्या, गाडी मागे घ्यायला लावा. पिल्लू आणि कळप यांच्यामध्ये तर गाडी कधीही नको.

इंजिन बंद झालं की बोलणंही बंद. खोल घुरघुर ऐकू येईल. ते त्यांचं आपसातलं बोलणं, त्यातलं बरंचसं आपल्या कानांना कळतही नाही. कळप स्वतःहून निघेपर्यंत थांबा.