स्केल मॉडेलचे बारीक भाग का हरवतात? या चुका टाळा

बारीक भाग बहुतेक वेळा दोनच क्षणी उडतो: स्प्रूवरून (किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून) सुटताना आणि चिमट्यात धरताना. दोन्हीकडे कारण एकच असतं. दाबलेलं प्लॅस्टिक मोकळं होताच उसळी घेतं, आणि भागाला वजन जवळपास नसल्यामुळे तो कुठल्या कुठे जातो. म्हणून आधी हाताचा जोर कमी करा.

एका कापात भाग सोडवणं

निपरची (स्प्रू कापायच्या छोट्या पकडीची) पाती पाचरीसारखी आत शिरतात आणि प्लॅस्टिक दोन्हीकडे ढकलतात. भागाला लागूनच कापलं तर तो उडतो किंवा मुळाशी मोडतो. आधी आजूबाजूची फ्रेम कापून भाग तिच्या छोट्या तुकड्यासह वेगळा करा. मग साधारण १ मिमी अंतर ठेवून जोड कापा आणि उरलेलं टोक धारदार पात्याने पातळ पातळ तासून काढा. हा शेवटचा काप पारदर्शक पिशवीत हात घालून केला तर उडालेला भाग पिशवीतच राहतो. अँटेना, हँडल अशा लांबट भागांना निपर लावूच नका. बारीक दातांची करवत प्लॅस्टिक फाकवत नाही, त्याचा भुगा करते, त्यामुळे भागावर ताण येत नाही.

आठवडाभरानंतर लागणारे भाग आज कापून ठेवू नका. ठेवावेच लागले तर मास्किंग टेपवर चिकटवा आणि शेजारी भाग क्रमांक लिहा.

चिमटा घट्ट दाबणं

सर्वांत जास्त भाग याच चुकीने जातात. बारीक टोकांचा चिमटा जास्त दाबला की त्याचे पाय वाकतात, टोकं पुढून किंचित उघडतात आणि भाग पुढे निसटतो. रिकामा चिमटा उजेडासमोर धरून हळूहळू दाबा. टोकं आधी जुळली पाहिजेत आणि दाब वाढवल्यावरही जुळलेलीच राहिली पाहिजेत. फट दिसली तर तो चिमटा डिकलसाठी (मॉडेलवर लावायच्या पातळ छापील चित्रांसाठी) ठेवा. दाबल्यावर उघडणारा उलटा चिमटा या कामाला उत्तम, कारण पकडीचा जोर त्याची स्प्रिंग ठरवते, थकलेली बोटं नव्हे.

१ मिमीच्या आसपासच्या भागांना मात्र चिमटाच नको. टूथपिकचं टोक किंचित ओलं करून भाग उचला, किंवा टोकाला ब्लू टॅकची (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या चिकट लगद्याची) मोहरीएवढी गोळी लावा. गोळी मोठी झाली तर भाग तिलाच धरून बसतो. जागेवर टेकवल्यावर टूथपिक वर ओढू नका, फिरवून बाजूला घ्या.

फोटो-एच मऊ मॅटवर कापणं

फोटो-एच म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यातले भाग. कटिंग मॅट पात्याखाली दबते, त्यामुळे पितळी पत्रा वाकतो आणि कापलेला भाग टणकन उडतो. काच किंवा सिरॅमिक टाइल घ्या, पत्र्याखाली मास्किंग टेप लावा आणि गोलाकार पातं झुलवत कापा. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, तेव्हा हरवल्यावर चुंबक फिरवण्यात वेळ घालवू नका. पितळावर प्लॅस्टिक सिमेंटही (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) चालत नाही, त्यासाठी सुपरग्लू वापरा. मात्र तो बाटलीतून थेट लावला तर भाग चिमट्यालाच चिकटतो. फॉइलवर एक थेंब काढा आणि सुईच्या टोकाने कणभर ग्लू मॉडेलवर लावा, भागावर नाही.

उडाल्याबरोबर उठणं

खुर्ची मागे सरकली की भाग चाकाखाली चिरडतो आणि मांडीवर पडलेला खाली घरंगळतो. जागचे हलू नका. आधी टेबल, बाह्या, मांडी आणि कपड्यांच्या घड्या पाहा. पिशवीही उलटून बघा, कारण स्थिर विजेने प्लॅस्टिकचे कण तिच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. मग दिवा मालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवी धरा. १ मिमीचा भागही लांब सावली टाकतो. तरीही नाही मिळाला तर व्हॅक्यूमच्या तोंडावर नायलॉनचा मोजा ताणून बांधा आणि हळू फिरवा.

अर्ध्या तासापुढे शोधण्यापेक्षा भाग नव्याने करणं सोपं. हँडल, अँटेना, नळी यांसाठी रिकाम्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवा. मऊ होऊन झुकू लागला की ज्योतीपासून दूर घ्या आणि ओढा: भरभर ओढल्यास तार बारीक, सावकाश ओढल्यास जाड. भाग जोडीतला असेल तर दुसऱ्याची मापं कॅलिपरने आधी घ्या. यासाठी त्याच किटची रिकामी फ्रेम मॉडेल पूर्ण होईपर्यंत फेकू नका.